वाट मोकळी आहे

विष्णू पोहनकरला दिसत नाही, हे जबलपुरात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको अनसूया. नागपूरच्या डॉक्टरला धरलं तर तीन, पण हा माणूस पोटासाठी काय करतो हे त्या डॉक्टरला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला असता. कारण विष्णू रखवालदार होता.

विष्णू राहत असे त्या चेरीतालपासून चालत पंधरा मिनिटांवर सुभेदारांचं संग्रहालय आहे. जुन्या कचेरीची दगडी इमारत, दोन दालनं. पाटनकडच्या शेतांत नांगराला लागलेल्या, विहिरी खणताना निघालेल्या मूर्ती सुभेदार घराण्यातल्या एका हौशी माणसानं गोळा केल्या आणि मरताना त्यांचा ट्रस्ट करून ठेवला. तिथं विष्णूची एकतीस वर्षं गेली. त्यातली शेवटची सहा काचबिंदूनं खाल्ली. आधी कडेचं गेलं, मग मधलं. उजव्या डोळ्यात रुपयाएवढं उरलं होतं, तेही मागच्या दिवाळीनंतर गेलं. आता ऊन आणि सावली एवढाच काय तो फरक कळे.

तरी निभत होतं. काहून नाही निभणार? एकतीस वर्षांत त्या इमारतीत एक दगड इकडचा तिकडे झाला नव्हता. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत बावीस पावलं, पायऱ्या पाच, आत उजव्या हाताला हजेरीचं मशीन. ते अंगठा घेई, सही मागत नसे. दोन दालनांच्या मधल्या दाराशी त्याचं स्टूल होतं आणि तिथं बसून तो कानांनी राखण करी. दगडाजवळ बांगडी वाजली की म्हणे, "दीदी, हाथ मत लगाइए," आणि ती बाई दचकून मागे सरे. लोक म्हणत, काय नजर आहे या माणसाची. अनसूया रोज सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं त्याला फाटकापर्यंत सोडायला येई आणि संध्याकाळी न्यायला येई. लोकांना त्याचंही कौतुक, या वयातही काय जोडी आहे म्हणून.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. तेवढे निघाले की सुटलो, असं तो अनसूयेला सांगे, पण ते अर्धंच खरं होतं. रोज सकाळी दालनं उघडायच्या आधी तो मधल्या दाराचा दगडी उंबरठा शिवून बोटं कपाळाला लावी, मग मलमलचं कोरडं फडकं घेऊन एकेक मूर्ती पुसून काढी. त्या मूर्तींना हात लावायची परवानगी अख्ख्या शहरात एका त्या फडक्याला होती, आणि फडकं विष्णूच्या हातात होतं. डोळे गेले तशी माणसांची तोंडं पुसट होत गेली. अनसूयेचंही आता नीट आठवत नव्हतं, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. पण मूर्ती एकही हरवली नाही. त्या रोज हाताला भेटत. लोकांना कळलं तर पहिलं फडकं जाईल, ही त्याची भीती होती. बाकीचं सगळं तो सोसायला तयार होता.

मार्च महिन्यात एके दिवशी संग्रहालयाचे मुख्य, आलोकजी, एका पाहुणीला घेऊन त्याच्या स्टुलापाशी आले.

"विष्णु भैया, ये प्रणोती हैं. अपने यहाँ के लिए मोबाइल ऐप बना रही हैं. जिनको दिखाई नहीं देता, उनके लिए भी."

कोणीतरी चुगली केली, असंच विष्णूला वाटलं.

"काका, तुम्ही मराठी नं?" पाहुणी म्हणाली. "मी इथल्याच राइट टाउनची. घरी आई मराठी बोलते, मी हिंदीत उत्तर देते. थोडं चालवून घ्या." आणि ती उत्साहानं सांगत सुटली. आलेल्या माणसानं आपला फोन हातात धरायचा. तो कुठं उभा आहे, समोर काय आहे, पुढे किती चालायचं, हे फोन कानात सांगणार. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाणाखुणांचा व्हिडिओ. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मागच्या दारानं आणायची वाट, कारण पुढे पायऱ्या आणि मधे उंबरठा आहे. भाषा तीन, हिंदी, इंग्रजी आणि ट्रस्टच्या इच्छेखातर मराठी.

"लिहून तर खूप आणलं आहे मी," ती म्हणाली, "पण सगळं सुंदर, मनोहर, अप्रतिम. ज्यानं कधी पाहिलंच नाही त्याला सुंदर म्हणून काय समजणार? तुम्ही इतकी वर्षं बघून राहिले. तुमच्याच आवाजात सांगा न."

विष्णू कसाबसा हसला. नाही म्हणायचं त्यानं तोंडावर आणलं होतं. पण तेवढ्यात तिनं वराहाचं नाव काढलं आणि हा गडी विरघळला. वराह त्याचा लाडका होता.

सोमवारी संग्रहालय बंद असे, तेव्हा दोघं बसत. ती फोन पुढे धरी आणि तो बोले. "हा वराह. डुक्कर म्हणा, देव म्हणा. उंची तुमच्या कमरेइतकी. अंगावर केसांच्या जागी माणसं कोरली आहेत, ओळीनं, प्रत्येक माणूस बोटाच्या पेराएवढा. मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला तर ज्वारीच्या कणसावरून फिरवल्यासारखं लागतं. पोटाखाली, भिंतीकडच्या बाजूला, शेवटच्या ओळीत एक माणूस अर्धा राहिला आहे. डोकं आहे, खांदे आहेत, पुढे नुसता दगड. कारागीर तिथं थांबला. काहून थांबला, माहीत नाही."

प्रणोती फोनचा टॉर्च लावून फरशीवर सपशेल आडवी झाली.

"काका, हे लेबलवर नाही. आलोकजींना पण माहीत नसेल. तुम्हाला कसं दिसलं?"

"पुसताना," तो म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं.

वाटेचं सांगायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मीटर सांगून उपयोग नाही, पावलं सांगू या, प्रत्येकाच्या पावलाप्रमाणे फोन आकडा जुळवून घेईल. पावलं तर विष्णूला झोपेत विचारा. पहिल्या दालनातल्या खांबापासून दुसऱ्या दालनातल्या वराहापर्यंत अकरा. "अकरा पावलं सरळ," तो फोनमध्ये म्हणाला, आणि जरा प्रेमानं पुढे जोडलं, "वाट मोकळी आहे." तिनं मोजायचा टेप लावून पाहिला तर अंतर तंतोतंत. "काका, तुम्ही कमाल आहात," ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी विष्णू अनसूयेशी जेवताना जरा जास्तच बोलला. खूप दिवसांनी त्याला कोणी कामाचा माणूस म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात रोशनी आली. सिहोऱ्याच्या शाळेत शिकवणारी, जन्मापासून दिसत नसलेली, तिशीची मराठी बाई. बसनं एकटी आली, काठी टेकत टेकत फाटकातून आत आली. प्रणोतीनं तिला आवाज ऐकायला बोलावलं होतं. प्रणोती फोनवर बोलत बाहेर गेली तशी विष्णू म्हणाला, चला, तुम्हाला बसायला दाखवतो, आणि पुढे चालू लागला. रोशनी मागून येत होती. नऊ पावलांवर ती थांबली.

"बाबूजी, तुम्ही मोजता."

"कोण, मी?"

"ओठातल्या ओठात. सात, आठ, नऊ. डोळेवाले नाही मोजत."

"म्हातारपणची सवय आहे, बाई. मला चांगलं दिसतं."

ती "अच्छा" म्हणाली. बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, पण ते अच्छा विष्णूच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. घरी आल्यावर त्यानं अनसूयेला सांगितलं.

"मग सांगून टाका नं," अनसूया म्हणाली. "रोज निमित्ताला भाजी आणून आणून घरात ठेवायला जागा नाही राहिली."

"आठ महिने, अनसूया."

"आठ महिन्यांनी काय डोळे येणार आहेत?"

विष्णूनं ताट पुढे सारलं आणि हात धुवायला उठला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी ॲपची परीक्षा ठरली. रोशनी एकटीनं, कोणाचा हात न धरता दोन्ही दालनं फिरणार होती. आलोकजींना ऐकू यावं म्हणून प्रणोतीनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. विष्णू आपल्या स्टुलावर टोपी सारखी करून बसला होता. स्वतःचा आवाज आपल्याच दिशेनं चालत येताना ऐकून त्याला लाजल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगली. पहिलं दालन सुरळीत झालं. खांबापाशी रोशनी थांबली.

"अकरा पावलं सरळ," फोनमधला विष्णू म्हणाला. "वाट मोकळी आहे."

मग त्याला टक टक टक असा आवाज आला. रोशनीनं काठीची घडी केली होती. ती मोकळ्या हातांनी चालू लागली आणि स्टुलावरचा विष्णू तिच्या पावलांबरोबर मोजू लागला. एक, दोन, तीन. तिचं पाऊल ताठ आणि निःशंक पडत होतं. चार, पाच, सहा. सहाव्यानंतर स्टुलाखालचा त्याचा स्वतःचा पाय आपोआप उचलला गेला.

उंबरठा. एकतीस वर्षं त्याला तो रोज सकाळी शिवत होता. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही हे आईनं लहानपणी इतकं भरवलं होतं की तिथं आलं की पाय उचलायचाच, मनाला विचारायची गरज नव्हती. सहा आणि सातच्या मधे वीतभर उंच दगड होता आणि त्याच्या मोजणीत तो कधी आलाच नव्हता. "थांब," असं त्यानं म्हटलं खरं, पण तोवर तिचा पाय अडखळला होता. ती दोन्ही हातांवर पडली, आणि हाड मोडल्याचा बारीक आवाज त्या दालनात विष्णूला सगळ्यात आधी ऐकू आला.

मग पळापळ झाली. पाणी आलं, आलोकजींनी गाडी बोलावली, प्रणोती रडत होती. गाडी येईपर्यंत रोशनी भिंतीला टेकून मनगट छातीशी धरून बसून राहिली.

"मेरी ज़िम्मेदारी है," आलोकजी म्हणाले. "आज ही ट्रस्ट को लिखता हूँ. ऐप बंद. जिनको दिखाई नहीं देता, वो किसी को साथ लेकर आएँ. अकेले नहीं."

"तेच तर जन्मभर करून राहिले, सर," रोशनी म्हणाली.

"चूक माझी आहे," प्रणोती म्हणाली. "चाकाच्या खुर्चीच्या पानावर मी उंबरठा लिहिला. पायी येणाऱ्याच्या पानावर नाही लिहिला. मी टेप घेऊन तो ओलांडला, काकांनी सांगितलेले आकडे जुळले, आणि मला वाटलं झालं काम."

आता बघा, विष्णूनं इथं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. चूक पोरीच्या माथी गेलीच होती, कोणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. आठ महिने, आणि फडकं तोवर त्याचंच. त्यानं दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली.

"मोजणी काकांची होती, हे मला माहीत आहे," रोशनी म्हणाली. ती त्याच्याकडे तोंड करून बोलत होती हे त्याला कळलं. "म्हणून तर काठी मिटली. डोळेवाल्याचं मोजमाप असतं तर मी टेकत टेकत गेले असते."

"मतलब?" आलोकजींनी विचारलं.

रोशनीनं उत्तर दिलं नाही. तिनं त्याला उघडं पाडलं नाही. मनगट मोडलेलं असताना ती त्याची वाट पाहत बसली, आणि विष्णूला आपली इतकी लाज वाटली जितकी जन्मात कधी वाटली नव्हती. तो उठला. टोपी काढून हातात घेतली.

"साहब, मुझे दिखाई नहीं देता," तो म्हणाला. "दिवाली से कुछ भी नहीं."

मग तो रोशनी होती त्या दिशेला वळला.

"तू ओळखलंस तेव्हा मी खोटं बोललो, पोरी. उंबरठा माझ्या पायात होता, मोजण्यात नव्हता. मला दिसत नाही हे मी प्रणोतीला सांगितलं असतं तर तिनं माझे आकडे पुन्हा तपासले असते. मी माझी जागा सांभाळली आणि तुझा हात मोडला."

"हो," रोशनी म्हणाली. तिनं नाही म्हटलं नाही, जाऊ द्या म्हटलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती उठली आणि जाताना चांगल्या हातानं त्याचा दंड चाचपून एकदा धरला.

आलोकजी माणूस वाईट नव्हता. "मुझे तो बता देते, भैया," एवढंच ते दोनदा म्हणाले. ट्रस्टचं पत्र आठ दिवसांत आलं. निवृत्तीपर्यंत पगार चालू राहील, कामावर मात्र यायचं नाही. लोक म्हणाले, नशीबवान आहे, घरबसल्या पगार. विष्णूनं किल्ल्या दिल्या, फडकं नीट चौघडी करून स्टुलावर ठेवलं, आणि अनसूयेच्या खांद्यावर हात ठेवून उघडपणे घरी आला. त्या दिवशी तिनं भाजी घेतली नाही.

प्रणोतीनं मात्र ॲप मरू दिलं नाही. तिनं ट्रस्टपुढे उभं राहून चूक कबूल केली, प्रत्येक वाट काठीच्या टोकानं पुन्हा तपासायची अट मान्य केली, आणि सोमवारच्या सोमवारी रोशनीला प्लास्टरसकट घेऊन ती तपासली. मूर्तींना हात लावू द्या, निदान ज्यांना दिसत नाही त्यांना, असंही तिनं मागितलं. ट्रस्टनं ते विचारात घेतलं आहे. म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. मग एका दुपारी ती फोन घेऊन चेरीतालला आली. अनसूयेनं तिला आधी जेवायला घातलं आणि मगच आवाज भरू दिला.

"सुरुवातीपासून करू या, काका?"

"सुरुवातीला मला काही वेगळं बोलायचं आहे," विष्णू म्हणाला. तिनं फोन पुढे धरला आणि तो घसा खाकरून बोलला. "नमस्कार. मी विष्णू पोहनकर. मलाही दिसत नाही. मी पावलं सांगतो, पण काठी मिटू नका."

मे महिन्याच्या अखेरीस, रोशनीचं प्लास्टर निघाल्यावर, दोघं संग्रहालयात गेली. विष्णूच्या हातात नवी पांढरी काठी होती, तिनंच शिकवलेली, अजून जरा अवघड वाटणारी. अनसूया बाहेर बाकावर बसली. आत नवा रखवालदार होता, फौजेतून निवृत्त झालेला, बुटांचा आवाज करणारा. तो विष्णूला ओळखत नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा विष्णू त्या दालनात पाहुणा म्हणून उभा राहिला, आणि त्याला ते आवडलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोघांच्या कानांत एकच आवाज चालू होता. "सहा पावलं," तो आवाज म्हणाला. "आता उंबरठा आहे, वीतभर उंच. थांबा." विष्णू थांबला. काठीचं टोक दगडावर वाजलं. तो सवयीनं वाकला, उंबरठा शिवला, बोटं कपाळाला लावली आणि पाय उचलून पलीकडे गेला. शेजारून रोशनीही आली. मग पाच पावलं.

"हा वराह. डुक्कर म्हणा, देव म्हणा." आवाज आपल्या गतीनं पुढे गेला. "मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला तर..."

विष्णूचा हात आपोआप वर झाला. बोटांना दगडाचा गारवा जाणवू लागला होता, एवढंच अंतर उरलं होतं.

"बाबूजी, हाथ मत लगाइए," मागून नवा रखवालदार म्हणाला.

विष्णूनं हात मागे घेतला. हेच वाक्य त्यानं आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं, आणि ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे त्याला आज कळलं. डोळे भरून आले. "बरोबर आहे, भैया," तो म्हणाला. "चूक झाली."

"खरंच ज्वारीच्या कणसासारखं लागतं?" रोशनीनं हळूच विचारलं. तिनं आयुष्यात एकाही मूर्तीला हात लावला नव्हता.

"लागतं," विष्णू म्हणाला. "पुढचं ऐक. पोटाखालचा तो अर्धा राहिलेला माणूस येईल आता."

आणि दोघंही हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.